सहकुटुंब, सहपरिवार

आमचा पत्ता सांगितला की फोनवरचं माणूस क्षणभर गप्प होतं. कागल पंचतारांकित एमआयडीसी! पुण्याच्या आमच्या वन्संना कितीतरी दिवस वाटत होतं, की माझा मुलगा एखाद्या बड्या हॉटेलात चिकटलाय. पंचतारांकित आहे ती औद्योगिक वसाहत. आम्ही राहतो तिच्या कडेला, कसबा सांगावच्या बाजूला. मुलगा एका सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, तीन पाळ्यांची नोकरी. शेजारीपाजारी सगळे असेच पाळ्यांवर जाणारे. कोण गडहिंग्लजचं, कोण निपाणीकडचं, आणि भाड्याच्या खोल्यांतून बिहार-ओडिशाची पोरं. असो. आज लिहायचं आहे ते सिनेमाबद्दल.

2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला, शिवजयंतीला कोल्हापूरला सगळ्यांनी मिळून जायचं, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतोय, डोकी कळवा. खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब, सहपरिवार'. हे शब्द वाचून मला बरं वाटलं, कारण आमच्या लहानपणी सिनेमाच्या जाहिरातीत हेच असायचे. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. ती आधीच तयार! मुलाने तिकिटांचं पान उघडलं आणि मी चष्मा लावून पाहिलं, तर सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात 'यूए 16+'.

"म्हणजे सोळाच्या खालच्यांना सोडत नाहीत का?" सूनबाईने विचारलं.

सोडतात. इथेच तर गंमत आहे. आपल्याकडे 1983 पर्यंत सर्वसाधारण प्रमाणपत्रं दोनच होती, यू आणि ए. सगळ्यांसाठी किंवा फक्त मोठ्यांसाठी. मधलं काही नाही. 1983 मध्ये यूए आलं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना आईबापांनी विचार करून न्यावं. त्याच वर्षी 'सेन्सॉर बोर्ड' हे नाव जाऊन 'प्रमाणन बोर्ड' असं नाव आलं, पण लोकांच्या तोंडी सेन्सॉर बसलं ते बसलंच. पुढे 2023 मध्ये कायदा बदलला आणि यूएचे तीन तुकडे झाले, सात, तेरा आणि सोळा. 'ए' सिनेमाला अठराच्या आतल्या मुलाला आत घेतलं तर थिएटरवाला गुन्हेगार. पण यूएचा आकडा कितीही असो, तो पाळायचा आईबापांनी. कायद्यात स्पष्टच आहे, की आईबाप किंवा पालक सोडून दुसऱ्या कोणालाही त्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे दाराशी उभा असलेला माणूस नऊ वर्षांच्या पोरीकडे बघून फक्त तिकीट फाडणार.

(जाता जाता एक मास्तरकीची गंमत. जुन्या प्रमाणपत्रांवर हिंदी अक्षरही असतं. यूला 'अ' आणि ए ला 'व', म्हणजे वयस्क. पडद्यावर 'अ' दिसला की आमच्या शेजारच्या काकू पोरांचे डोळे झाकायच्या. आणि 'व' असला की निवांत!)

तर प्रश्न आमच्याच घरात येऊन पडला. शेजारचे भाऊ म्हणाले, "आजी, आपल्या राजाचं हाय, त्याला कसलं आलंय वय?" त्यांचा सात वर्षांचा मुलगा जाणार होता. मुलाचं मत न्यावं असं, सुनेचं नको असं. आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण मी पस्तीस वर्षं शिकवलंय आणि त्यात संभाजी महाराज किती वेळा शिकवले याचा हिशेब नाही.

माझं मन मात्र चटकन एका बाजूला होईना. एक तर 'छावा' ज्या कादंबरीवरून घेतला ते शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे. एके काळी कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिक्षक होते. कादंबरी 1979 साली आली तेव्हा आमच्या शाळेच्या वाचनालयातली प्रत हातोहात फिरून खिळखिळी झाली होती. ती नववी-दहावीच्या मुलामुलींनी वाचली, त्यातला शेवट वाचून रडली, आणि कोणी विचारलं नाही की यांचं वय काय. आणि चौथीच्या आपल्या 'शिवछत्रपती' पुस्तकात तरी काय आहे? अफजलखानाचा वध आहे, शाहिस्तेखानाची बोटं आहेत, बाजीप्रभूंच्या अंगावरच्या जखमा आहेत. नऊ वर्षांच्या मुलांना महाराष्ट्र हे पिढ्यानपिढ्या शिकवतो. मी शिकवलंय. वर्ग असा चिडीचूप व्हायचा, की बाहेरचा घंटेचा लोखंडी तुकडा वाऱ्याने हलला तरी ऐकू यायचा. कोणाच्या घरून तक्रार आली नाही, की बाई, पोरगं रात्री झोपलं नाही.

मग पडद्यावर वेगळं काय होतं?

या प्रश्नाला कोल्हापूर फार जुनं गिऱ्हाईक आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती इथे, आणि तिला पैशाचा आधार दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. आमच्या कागलचं नाव मराठी सिनेमाच्या पायाच्या दगडात आहे ते असं. त्या कंपनीचा पहिला मोठा सिनेमा 'सैरंध्री'. 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग पेंटरांनी इतका हुबेहूब घेतला, की सांगतात, प्रेक्षकांत बायका किंचाळल्या, कोणी बेशुद्धही पडल्या. मूकपट हो! आवाज नाही, रंग नाही. अखेर तो प्रसंग सरकारने कापायला लावला.

विचार करा. कीचकवध कोणाला माहीत नव्हता? आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन भीमाने कीचकाचा कसा गोळा केला ते सांगायच्या आणि नातवंडं आणखी सांग म्हणायची. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर 1910 साली बंदी आली होती, पण ती रक्तासाठी नव्हे. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता म्हणून. म्हणजे गोष्ट तीच. एकदा सरकार घाबरलं, एकदा प्रेक्षक. इंग्रजांच्या सेन्सॉरची नजर बहुतेक वेळा राजकारणावर असे. कोल्हापुरातच प्रभातने 'स्वराज्याचं तोरण' काढलं, तर स्वराज्य शब्द खुपला आणि 1930 मध्ये त्याचं 'उदयकाल' करावं लागलं. मुलांच्या मनाची फिकीर त्या कात्रीत किती होती हा प्रश्नच आहे.

मला शिकवताना उमगलेलं सांगते. तोंडी गोष्ट सांगितली की प्रत्येक मूल आपल्याला पेलेल एवढंच चित्र मनात काढतं. भित्रं मूल तलवार छोटी काढतं. दांडगं मूल मोठी काढतं आणि वर आपल्या बाकावरच्या मित्राला तिने भोसकतं. पडदा हे काम मुलाच्या हातून काढून घेतो. सगळ्यांना एकाच मापाचं चित्र, तेही चाळीस फुटी, आणि वर तो छाती धडधडवणारा आवाज.

आमच्या लहानपणी वडिलांचं सेन्सॉर सरळ होतं. सिनेमात नाच आहे का? असला तर नाही. त्यामुळे मी 'श्यामची आई' पाहिला, संतपट पाहिले, आणि जत्रेतल्या तंबूत जे लागेल ते पाहिलं, कारण तंबूत वडील यायचे नाहीत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली सतरंजी किंवा नुसती माती. तिथे कसलं प्रमाणपत्र आणि कोण बघतंय! 'पिंजरा' 1972 साली आला तेव्हा मी बीए होऊन बीएडची तयारी करत होते. एका आदर्श मास्तराची तमाशाच्या फडात धूळधाण होते, त्याची ती गोष्ट. वडील म्हणाले, "शिक्षिका व्हायचंय ना, मग बघच." त्यांच्या कायद्यात तो अपवाद कसा बसला देव जाणे. त्यात तर नाचच नाच.

आणि दादा कोंडके! घरात नाव काढायची चोरी. पण 'सोंगाड्या' आला 1971 मध्ये आणि पुढच्या सिनेमांना गावोगाव बायकापोरांसकट गर्दी. मला त्या विनोदाची एक खुबी नंतर कळली. वाक्याला दोन अर्थ. पोराला एकच कळतो, तो हसतो. बापाला दुसरा कळतो, तोही हसतो. आई पदर तोंडाला लावते. तिघंही समोर बघतात, एकमेकांकडे कोणी बघत नाही. सहकुटुंब सिनेमा म्हणजे हाच की! सेन्सॉरने कात्री तरी कुठल्या अर्थाला लावायची?

पण 'पूर्वी सगळं स्वच्छ होतं' असं जे आमच्या वयाचे लोक म्हणतात ना, ते मला पटत नाही. 'माहेरची साडी' 1991 मध्ये आला. आमच्या शिक्षकखोलीतल्या सगळ्या जणी रुमाल घेऊन गेल्या. बरोबर लेकरं. त्यात सुनेचा जो छळ आहे तो तासभर बघणं हे लहान मुलीला कितपत बरं, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही, कारण चुंबन नव्हतं, उघडं अंग नव्हतं. 'अशी ही बनवाबनवी' तर माझाही लाडका, 1988 पासून किती वेळा पाहिला असेन. मागच्या दिवाळीत पुन्हा लागला तेव्हा नात मध्येच म्हणाली, "आज्जी, ह्यो तिच्या मागं मागं का लागतोय? ती नको म्हणाय लागलीय की." आम्ही सगळे हसत होतो ते जरा थांबलो. म्हणजे माप फक्त सैल होत गेलं असं नाही. काही ठिकाणी सैल झालं, काही ठिकाणी घट्ट. सिगारेट पेटली की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा येतो तो 2012 पासून. आमच्या वेळचे नायक धुरातूनच चालत यायचे आणि तो त्यांचा रुबाब होता. मुलाला मारणं हे शाळेत कायद्याने बंद झालं 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने. आता 'श्यामची आई' वाचताना आई श्यामला पोहायला धाडण्यासाठी फोक घेते, तिथे वर्गातलं एखादं मूल हात वर करतं. ते साने गुरुजींचं श्रेष्ठ पान आहे असं मला अजूनही वाटतं. पण हात वर करणाऱ्या मुलाला मी खाली बस म्हणणार नाही.

'ए' चंही तसंच. रवी जाधवांचा 'न्यूड' आठवतो का? 2017 मध्ये गोव्याच्या महोत्सवातून काढला म्हणून केवढा गदारोळ झाला. पुढे बोर्डाने एकही काट न मारता ए दिलं आणि 2018 मध्ये तो लागला. मी आणि माझी एक जुनी सहकारी, दोघी सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, बघून आलो. चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसून मुलाला शिकवणाऱ्या बाईची गोष्ट. पंधरा वर्षांच्या मुलाने आईबरोबर बसून बघावी अशी. पण अठरा म्हणजे अठरा, तिथे आईबापांच्या मताला जागाच नाही. उलट 2022 मध्ये महेश मांजरेकरांच्या एका सिनेमावरून वाद झाला. अल्पवयीन मुलांवर चित्रित केलेल्या प्रसंगांवरून राष्ट्रीय महिला आयोगाने हरकत घेतली, पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्यातला कायद्याचा भाग कोर्टाचा, त्यात मी पडत नाही. मला वेगळंच खटकलं. सिनेमा ए. म्हणजे ज्या पोरांनी त्यात काम केलं, त्यांना तो थिएटरात बघायची मुभा नाही. बघणाऱ्या मुलाचं वय कायदा मोजतो. काम करणाऱ्या मुलाला तिथे उभं करताना ते कोणी मोजलं?

असो, भरकटले. 'छावा'कडे येते.

आमच्या घरात शेवटी तोडगा काढला तो सुनेने. ती म्हणाली, "आधी आम्ही दोघं बघून येतो. मग ठरवू." कायदाही खरं तर हेच सांगतो, पण न बघता आईबाप ठरवणार कसं? गल्लीची टेम्पो ट्रॅव्हलर शिवजयंतीला सकाळी घोषणा देत निघाली, त्यात हे दोघं बसले आणि नात माझ्याजवळ फुरंगटून राहिली. दिवसभर तिने माझ्याशी शब्द काढला नाही.

संध्याकाळी दोघं आले. मुलगा ओट्यावर बसला, बूटही काढले नाहीत. मी पाणी दिलं. तो फक्त म्हणाला, "आई, तिला नको." आणि रात्री न जेवताच दुसऱ्या पाळीतल्या मित्राला फोन करायचाय म्हणून बाहेर फेऱ्या घालत राहिला. माझा मुलगा मशीनमध्ये बोट चिरलं तर रुमाल बांधून काम पुरं करणारा आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेजारच्या सात वर्षांच्या पोराचं काय झालं? काही नाही! तो आठवडाभर गल्लीतल्या कुत्र्याला सिंह करून त्याचा जबडा फाडत होता. कुत्रं बिचारं शेपूट हलवत उभं. रात्री ढाराढूर. आणि त्याची बहीण, चौदाची, सातवीपासून वर्गात पहिली, तिने मध्यंतरानंतर आईच्या खांद्यात तोंड घातलं ते घरी येईपर्यंत. तिने चार दिवस जेवण धड घेतलं नाही. म्हणजे आकडा सोळाचा असो की तेराचा, त्याला काय कळतंय कुठल्या पोराच्या मनाला सालं किती ते. तेव्हा थिएटरांतून रडणाऱ्या लहान मुलांच्या चित्रफिती फोनवर फिरत होत्या आणि त्याखाली लोक कौतुकाने लिहीत होते, की बघा, काय संस्कार! ते मात्र मला बघवेना. पोर रडतंय ते महाराजांसाठी की भीतीने, हे त्याला कडेवर घेतल्याशिवाय कळत नाही. आणि कडेवर घेणाऱ्याच्या हातात तर कॅमेरा.

दोन-तीन दिवसांनी रात्री, दिवा मालवल्यावर, नातीने विचारलंच. "आज्जी, महाराजांना काय केलं त्यांनी? वर्गात सगळ्यांना माहितीय."

तिला सांगितलं. संगमेश्वरला फितुरीने पकडलं, औरंगजेबासमोर नेलं, त्याने अटी घातल्या, महाराजांनी मानल्या नाहीत. मग हाल केले आणि 1689 च्या मार्चमध्ये मारलं. तिने विचारलं, "डोळे?" मी म्हटलं, "हो." पुढे काही सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येसूबाईंना कुणी सांगितलं?" इतक्या वर्षांत एकाही वर्गाने मला हे विचारलं नव्हतं. शाहू तेव्हा हिच्याहून लहान होता, ते मी तिला सांगितलं, आणि मग रायगडाचा वेढा, सुटका, राजाराम महाराज जिंजीला गेले ते, असं करत करत साडेअकरा वाजले. सूनबाई दोनदा येऊन ओरडून गेली.

इथवर सगळं छान. पण शिवजयंती होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि 11 एप्रिलला 'छावा' नेटफ्लिक्सवर आला. थिएटरात निदान तिकीट काढावं लागतं, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावी लागते, कोण कोण चाललंय ते गल्लीला कळतं. इथे खिशातच थिएटर. ओटीटीवाल्यांनी वयाचे आकडे लावायचे आणि मुलांसाठी कुलूप द्यायचं, हे नियम 2021 पासून आहेत, सिनेमाच्या कायद्यात सात-तेरा-सोळा यायच्याही आधीपासून. आमच्याकडेही कुलूप आहे. मुलाने चार आकडी पिन घातलाय. पण रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी घोरत असतो, आई बचतगटात, आजीला डुलकी लागते, आणि फोन उशाशी. पलीकडच्या खोल्यांतली पोरं तर पाळी सुटली की ओट्यावर बसून फोन विटेला टेकवून ठेवतात, आणि गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली त्यांच्या पाठीमागे उभी. त्या पोरांना मी एकदा म्हटलं, बाबांनो, पोरं बघतात रे. तर त्यातला एक ओडिशाचा, खूप गोड मुलगा, लगेच फोन बंद करून म्हणाला, "माफ करना, मॅडमजी." तेव्हापासून ती मुलं इअरफोन लावतात. चित्र तसंच.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी आंब्याच्या फोडी करत बसलो होतो. नात एकदम म्हणाली, "आज्जी, मी बघितला छावा." मी सुरी ठेवली. पिन कसा कळला, तर म्हणे पप्पांचा सगळ्याचा पिन तिच्याच जन्माचं साल आहे, त्यात काय कळायचं!

"सगळा बघितलास?"

"न्हाय. शेवटी ते आलं ना, तवा मी फोन पालथा घातला गादीवर. नुसतं ऐकलं." थोडं थांबून म्हणाली, "ऐकायला जास्त भ्या वाटलं."

आणि उरलेल्या फोडी तिने मीठ लावून एकटीने खाल्ल्या.

सूनबाई माझा ब्लॉग सगळ्यांत आधी वाचते, तेव्हा तिला हे आत्ता कळतंय. अगं, पिन तेवढा बदला. आणि माझ्या जन्माचं साल घालू नका, ते तिला पाठ आहे.